अंगठ्याखालची छाट

ही गोष्ट मी घरात काढलेली नाही. बायकोला माहीत नाही, भावाला माहीत नाही. देवापुढे उभा राहिलो तरी मी या गोष्टीच्या बाजूनं निघून जातो — ओळखीचा माणूस समोरून येताना दिसला की आपण मुकाट्यानं गल्ली बदलतो ना, तसा.

मग तुम्हाला का सांगतोय? पश्चात्तापानं म्हणावं तर पश्चात्ताप एवढी वर्षं कुठं गेला होता? नाही. रागानं सांगतोय. राग आला म्हणून हातात लेखणी धरली, हेच खरं.

परवा चिंचवडात केस कापायला गेलो होतो. शेजारी आमच्याकडचा पिठाच्या गिरणीचा मालक बसला होता. त्याच्या गिरणीतल्या गड्यानं मजुरी वाढवून मागितली होती, तेव्हा साहेब तापलेले. म्हणाला, "मजुरी वाढवा म्हणं! विडीवाल्या तात्याचं काय झालं? सरकारनं बायांची मजुरी वाढवली आन् तात्या उठला बाजारातनं."

न्हावी म्हणाला, "गिऱ्हाईक काय मजुरी बघतं व्हय राव? गिऱ्हाईक पैसा बघतं."

आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "दिवाणजी, तुम्ही त्याच धंद्यात होता. खोटं हाय का सांगा."

मी मान डोलावली. हो म्हटलं. गळ्यावर वस्तरा होता म्हणून बोललो नाही, असं म्हणता आलं असतं — पण वस्तरा तेव्हा न्हाव्याच्या हातातल्या पट्ट्यावर होता. माझा गळा मोकळा होता.

तात्या मजुरीनं उठला नाही. कशानं उठला ते मला माहीत आहे. ते माहीत असलेली माणसं दोनच, त्यातला एक आमचा मालक, तो आता वारला. राहिलो मी.

आता मी पिंपरीच्या नव्या कारखान्यात भांडारात काम करतो. त्याआधी विडीच्या कारखान्यात दिवाणजी होतो. कारखाना म्हणजे काय — पत्र्याचं लांब छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि मांडीवर सुपं घेऊन ओळीनं बसलेल्या बाया. टेंभुर्णीची पानं, तंबाखू आणि दोरा मालकाचा, हात बाईचा. हजार विड्या वळल्या की ठरलेली मजुरी. संध्याकाळी माल मोजून आणि तपासून घ्यायचं काम माझं.

माझ्याबद्दल गावात काय बोलत, तेही सांगतो, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. माणूस सुतासारखा सरळ. वाण्यानं चुकून एक आणा जास्त परत दिला तर भर उन्हात द्यायला जाणारा. हिशेब एका पैनं चुकला तर तो सापडेपर्यंत ताटावर न बसणारा. हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे. माझी हीच कीर्ती मी पुढे कशासाठी वापरली, ते ऐका.

आधी 'छाट' म्हणजे काय ते कळायला हवं. तपासताना ज्या विड्या खराब निघत — पान फाटलेली, पोट पोकळ, तोंड उघडं — त्या बाजूला टाकायच्या. ही छाट. तिची मजुरी बाईला मिळत नसे. रीत जुनी, सगळ्यांना मान्य. खराब कामाचे पैसे कोण देईल? पण छाट फेकून देत असत का? छे. ती पोत्यात भरायची, लेबल न लावता, सुटी, स्वस्तात चाकणच्या बाजाराला जायची. बाईनं वळलेली, मालकानं विकलेली, गिऱ्हाइकानं ओढलेली विडी. फक्त मजुरी कुणी दिलेली नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग सरकारनं विडीच्या धंद्याला किमान मजुरी लावली आणि आमच्याकडचा हजारी दर वाढला. बाया हसत घरी गेल्या त्या दिवशी. मालक मात्र डोक्याला हात लावून बसले. "दिवाणजी, बसवून दाखवा हिशेब. बसत नसेल तर कुलूप लावतो."

मी बसवला. साधा हिशेब होता. पंचवीस विड्यांचं एक बंडल, हजारात चाळीस बंडलं. वाढलेली मजुरी चाळिसात वाटली तर बंडलामागे दोन पैसुद्धा भरत नव्हती. तेव्हा नवे पैसे आले नव्हते. आण्याच्या बारा पै, पैशाच्या तीन. मालकांनी बंडलावर एक पैसा वाढवला. म्हणजे मजुरी भागून वर पैभर नफाच. हे मला दिसत होतं — पाटीवर खडूनं लिहिल्यासारखं दिसत होतं. पण दुकानदार विचारी, "का हो, पैसा वाढला?" तेव्हा मी काय सांगत असे? "सरकारनं बायांची मजुरी वाढवली ना." बस्स. तेवढंच. वर नफा आहे हे कशाला सांगायचं?

आणि लोकांनी ते किती आनंदानं उचललं! टपरीवर, पारावर, एस.टी.त — जो तो म्हणे, बाया शेफारल्या. जो आपल्या पगाराला महागाईची जोड मागत होता तोही म्हणे. त्याला एक पैसा जड झाला होता. पण तो मालकावर चिडला नाही, ज्या बाईनं विडी वळली तिच्यावर चिडला. का? ती समोर नव्हती म्हणून? की आपल्याहून खालच्यावर चिडायला कष्ट पडत नाहीत म्हणून? मला या लोकांचा तेव्हाही संताप येई. आणि त्यांना ते वाक्य पुरवणारा मीच होतो. गंमत आहे की नाही?

एक पैसा वाढल्यावर काही गिऱ्हाईक तुटलं. लेबलाची बंडलं पडून राहू लागली. मालक पुन्हा कुलपाची भाषा करू लागले. आणि मी — इथं मला लपायला जागा नाही — मी त्यांना म्हणालो, "मालक, लेबल सोडलेलं गिऱ्हाईक विडी सोडत नाही. ते सुट्या स्वस्त विडीकडे जातं. ती सुटी विडी आपलीच असली तर?"

मालक म्हणाले, "सुटी वळून घ्यायची म्हटली तरी मजुरी तीच ना?"

मी म्हणालो, "सरकारनं दर ठरवलाय. छाट ठरवलेली नाही."

माझेच शब्द. मालकांनी सुचवले नाहीत, मला धमकावलं नाही. माझा पगार कापला जाणार नव्हता. कुलूप लागलं असतं तरी दुसऱ्या दिवशी मला कुठंही हिशेबाचं काम मिळालं असतं. मी ते बोललो, कारण गणित सुटलं होतं आणि सुटलेलं गणित दाखवल्यावाचून मला राहवलं नाही. मालक म्हणाले, "तुम्ही दुकान काढायला पाहिजे होतं, दिवाणजी." मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं. लिहितानाही किळस येते, पण वाटलं.

पण छाट वाढवायची कशी? चांगली विडी उगीच बाजूला टाकली तर बाई हात धरेल. 'दाखवा काय वाईट आहे' म्हणेल. तेव्हा विडी खरोखर वाईट व्हायला हवी.

विडी तपासायची रीत अशी: ओंजळभर उचलायच्या, एकेकीचं पोट अंगठ्यानं दाबायचं. चांगली विडी दबते आणि पुन्हा उभी राहते. मी अंगठ्याचं नख वाढवलं. दाबताना नख जरासं फिरवलं की पानाला केसासारखी चीर जाते. आवाज इतका बारीक की आपल्यालाच ऐकू येतो. मग ती विडी बाईसमोर धरायची — "हे बघा, चीर." चीर असतेच. नाही कोण म्हणेल?

आता तुम्हाला कळलं. हेच ते.

पण हे निम्मं झालं. उरलेलं याहून वाईट आहे.

ज्यांचा हात मुळात कच्चा, त्यांची छाट आधीच निघत होती. तिथं आणखी किती काढणार? माल जास्त पडायचा तो चांगल्या हातांकडून. आणि दुसरी गोष्ट — जिच्या हाताला सगळ्या मानतात तिचीच छाट वाढली, की बाकीच्या तोंड उघडणार नाहीत. 'तिचीच निघते, मग आपली काय कथा!' हा विचार मी शांतपणे केला. रस्त्यानं घरी जाताना केला. मग जैनबीला निवडलं.

जैनबी संगमनेरकडची. तिकडं विडीचा धंदा जुना. आईच्या मांडीवरच शिकलेली. नवरा इस्माइलभाई मुंबई रस्त्यावरच्या गॅरेजात मिस्त्री, पण कमाई असली तर असली. घर हिच्या बोटांवर चाले. तिची विडी हातात घेतली की कळायचं — बांध असा की गाडीवरून पडली तरी तंबाखूचा कण सांडणार नाही. नव्या पोरींना शेजारी बसवून शिकवायची, आणि शिकवताना शिव्याही घालायची. "विडी हाय ती, तुझ्या नवऱ्याची पुरचुंडी न्हाई, नीट बांध," असं म्हटली की सगळं छप्पर हसायचं. वर्ष वर्ष तिची छाट अगदी नावाला निघे.

पहिल्या दिवशी मी तिच्या विड्या बाजूला टाकल्या तेव्हा तिनं त्या उचलून उजेडात धरल्या. बराच वेळ पाहिल्या. मी पुढची ओंजळ हातात घेतली. म्हटलं, आता ही ओरडणार. ती म्हणाली, "पानं वाळल्याली व्हती का काय आज?"

दुसऱ्या दिवशी तिनं पानं जास्त भिजवली. तिसऱ्या दिवशी दोरा सैल बांधला. ती कारण शोधत होती — स्वतःच्या हातात. माझा हात तिला दिसत नव्हता, कारण तो दिवाणजीचा हात होता. सुतासारख्या सरळ माणसाचा. समजलं ना, माझी कीर्ती कुठं उपयोगी पडली?

एकीला मात्र काहीतरी वास आला होता. ठकूबाई म्हणून एक फटकळ बाई होती. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, "दिवाणजी, आमच्या हातात विडी धडधाकट असती. तुमच्या हातात आली की लाजून फाटती काय वो?"

बाया खो खो हसल्या. मीही हसलो. आणि जैनबी — तीच — तिच्यावर ओरडली, "गप बस गं भवाने! दिवाणजींला नावं ठिवती. माझा हात बिघडला त्याला त्ये काय करत्यात?"

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? विचारू नका. मी पुढचं सूप ओढलं.

सरकारी इन्स्पेक्टरही येऊन गेला. भला, तरुण माणूस. दर पाहिला — बरोबर. बायांना विचारलं — दर मिळतो म्हणाल्या. खरंच मिळत होता. मग त्यानं मला विचारलं, "छाट जरा जास्त दिसते?" मी सांगितलं, "दर वाढला तशी घाई वाढली, साहेब. हात ढिला पडला." त्यानं मान हलवली. चहा घेतला, गेला. बाया तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं. जैनबीनं मान खाली घातली. तिला वाटलं, मी तिच्याबद्दलच बोललो आणि नाव न घेऊन तिची अब्रू राखली.

थोड्या दिवसांनी ती चष्मा लावून आली.

पुण्याला जाऊन डोळे तपासून आली होती. तारेचा गोल चष्मा. ठकूबाई म्हणाली, "आली बगा मास्तरीणबाई!" सगळ्या हसल्या, जैनबीही हसली. चष्म्याची तार कानामागं अडकवलेली होती आणि त्या कानात नुसतं भोक होतं. आदल्या आठवड्यापर्यंत त्यात सोन्याची बाळी होती.

ती खुशीत होती. म्हणाली, "आता दिसतंया समदं, दिवाणजी. डॉक्टर म्हनला नजर उतरलीच हाय. आता बगा माझी विडी."

मला तिथं थांबता आलं असतं. नख कापायला किती वेळ लागतो? कुणाला काही सांगावं लागलं नसतं. त्या दिवसापासून तिची छाट बंद झाली असती, तिला वाटलं असतं चष्म्यानं काम झालं. सगळं झाकून गेलं असतं. एवढी सोपी वाट देवानं समोर ठेवली होती. पण मी विचार केला — चष्मा आल्याबरोबर छाट थांबली तर बाकीच्या विचारतील, मग आमची का थांबत नाही? आणि पोती भरायची होती. चाकणचा व्यापारी माल मागत होता.

मी ओंजळ भरून विड्या उचलल्या. दाबल्या.

"हे बघा," म्हटलं, "चीर."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. विडी पाहिली. मजुरी घेतली आणि गेली. आठवडाभर आली. पोरींना शिव्या देणं बंद. एका सकाळी सूप आणि कात्री घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "तुमचा माल नासवायचा न्हाई, दिवाणजी. डोळं न्हाई, हातच गेला माझा. माझ्या आईचाबी म्हातारपनी गेलता. मला लौकर गेला." मी म्हणालो, "जशी तुमची मर्जी." हे तीन शब्द. एवढंच निघालं तोंडातून.

आणि तात्या? तात्याचा निगडीच्या बाजूला छोटा कारखाना होता. माणूस चिक्कू, तोंडाचा फाटका, पण वाढलेला दर त्यानं पुरा दिला आणि छाट पहिल्याइतकीच ठेवली. त्यालाही बंडलावर पैसा वाढवावा लागला. पण गिऱ्हाइकासमोर आमची सुटी विडी आली — फुकटच्या मजुरीची, स्वस्त. चाकणला, तळेगावला, देहूच्या रस्त्यावर, सगळीकडे. गिऱ्हाईक तिकडं गेलं. गिऱ्हाईक पैसा बघतं. बरोबर आहे न्हाव्याचं. पण तो पैसा कुणी वाचवून दिला, ते गिऱ्हाईक विचारत नाही. आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? तात्यानं छप्पर उतरवून पत्रे विकले. लोक म्हणाले, मजुरीनं मारला. आजही म्हणतात. मजुरीनं कुठला मरतोय? मी आजही हिशेब मांडून दाखवतो, बंडलामागे दोन पै भरत नाही! त्याला माझ्या नखानं मारलं. त्यालाही, आणि त्याच्याकडं बसणाऱ्या बायांनाही.

मालकांनी मला त्या दिवाळीला धोतरजोडी दिली. मी ती घेतली, नेसलो.

आता शेवटचं. जैनबी कारखाना सोडून महिना झाला असेल. मालकांनी मला चाकणला व्यापाऱ्याकडं पाठवलं होतं. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या वखारीबाहेर बाया कांदा निवडत बसल्या होत्या, आणि त्यात ती. भावाकडं राहायला आली होती म्हणे. मला पाहून उठली, पदर सावरला. "दिवाणजी, बरं हाय ना? पोरी काम करत्यात का नीट?" हात कांद्याच्या टरफलांनी माखलेले, नखं काळी. रोजावर होती. कांदा निवडायला किमान दर नव्हता.

आम्ही बोलत होतो तिथं शेजारीच गोणपाटावर सुट्या विड्यांचा ढीग होता. आमचाच माल. पोतं मीच भरून शिवलं होतं, आणि त्यात बहुतेक विड्या तिच्या शेवटच्या आठवड्यांतल्या होत्या, कारण सगळ्यात जास्त छाट मी तिचीच काढली होती. ती वळून म्हणाली, "इस्माइलला घ्याच्यात. लेबलाच्या परवडत न्हाईत आता, लई महाग केल्या तुमी." आणि हसली.

मग कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, ढिगातली एक विडी उचलली आणि सवयीनं बोटांत फिरवली. पोट दाबलं. तोंडाची घडी पाहिली. दुसरी उचलली. तिसरी.

मला वाटलं, आता ओळखते. ओळखली तर बरं होईल, असंही वाटलं असेल — की आज तसं लिहावंसं वाटतंय? मला नक्की सांगता येणार नाही, म्हणून ते सोडून देतो. तिनं ओळखलं नाही. कसं ओळखणार? आपला हात गेला, हे मी तिला रोज संध्याकाळी, तिच्याच विड्या तिच्या डोळ्यांसमोर धरून पटवून दिलं होतं. एवढा चांगला बांध आपला असेल, हे आता तिच्या मनातही येत नव्हतं.

"ह्याला जराशी चीर गेलीया, दिवाणजी," ती म्हणाली. "पर बांध बगा. आमच्या संगमनेरकडची घडी हाय. कुनाचा हात हाय वो?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

तिनं विड्या मोजून घेतल्या, पैसे दिले, पुरचुंडी पदराला बांधली. जाताना पुन्हा थांबली.

"कुनी का आसंना," म्हणाली, "सांभाळा तिला. असा हात न्हाई मिळत."

मी हो म्हणालो.